ताटाचा हिशेब



बाजारात आंबा उतरला आहे, घरोघरी रसाचे बेत चालले आहेत, आणि अशा दिवसांत चिटणिसांनी आम्हांला मधुमेह आणि आहार या विषयावर बोलावयास उभे केले आहे. आमरसाच्या वाटीवर हात ठेवणारा माणूस कोणालाच आवडत नाही, हे आम्ही जाणून आहो. शिवाय आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण लवकर थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कारखान्याच्या फाटकावर. वेतनकरार वाचता वाचता आकडे वाचण्याची सवय लागली, एवढेच आमचे भांडवल. करारात एका कलमाने दिलेले दुसऱ्या कलमाने कोठे काढून घेतले आहे, ते पाहावे लागते. ताटाचेही तसेच आहे. म्हणून आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो वैद्याचा उपदेश नव्हे, तर ताटाचा हिशेब.

युनियनच्या माणसाने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका फाउंड्रीत आमचा एक सभासद भट्टीवर काम करीत असे. वय 45 च्या आतबाहेर, अंगाने सडपातळ, व्यसन नाही. एके दिवशी वितळलेल्या लोखंडाचा लहानसा थेंब त्याच्या बुटात गेला. त्याला ते कळलेच नाही. पाळी पूर्ण करून तो घरी गेला, आणि पायमोजा पायाला चिकटलेला आहे हे बायकोने पाहिले. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा उलगडा झाला की त्याला कित्येक वर्षांचा मधुमेह आहे, आणि त्याने पायाच्या नसा बधिर करून टाकल्या आहेत. जखम चिघळली, आधी दोन बोटे गेली, मग अर्धे पाऊल गेले. तो कंत्राटी कामगार होता. त्याच्या जागी दुसऱ्याच आठवड्यात दुसरा माणूस उभा राहिला. भरपाईसाठी आम्ही भांडलो, तेव्हा आम्हांला असे ऐकविण्यात आले की पाय अपघाताने गेला नाही, रोगाने गेला. त्या दिवसापासून हा रोग आमच्या मागणीपत्रकातला विषय झाला.

आता मुळापासून पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते म्हणाल, तर 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. आता 100 ग्रॅम पिठाची एक दणदणीत ज्वारीची भाकरी घ्या. तिच्यात सुमारे 70 ग्रॅम पिष्ट असते, आणि पिष्ट पचले की त्याची साखरच होते. म्हणजे एक भाकरी पोटात गेली की रक्तात जेवढी साखर आहे तिच्या 14 पट साखर दाराशी येऊन उभी राहते. जिभेला ती गोड लागत नाही, म्हणून आपण तिला साखर म्हणत नाही. रक्ताला मात्र जीभ नसते.

ही आलेली साखर जागच्या जागी लावण्याचे काम स्वादुपिंडातून निघणाऱ्या इन्सुलिनचे. त्याला आपण मुकादम म्हणू. मुकादम काही माल स्नायूंकडे पाठवितो, काही यकृताच्या गोदामात रचून ठेवितो, आणि दोन्ही भरली की उरलेल्याची चरबी करून साठवितो. माणूस पाटीवर काम करीत असला तर स्नायू माल मागत राहतात आणि सगळे सुरळीत चालते. बसून राहिला तर गोदाम रिकामेच होत नाही. चरबी आधी कातडीखाली, मग पोटात, मग यकृतात शिरते. स्नायू आणि यकृत मुकादमाचे ऐकेनासे होतात. मुकादम अधिकाधिक ओरडतो, आणि ओरडून ओरडून एक दिवस त्याचा घसा बसतो. प्रौढपणी होणारा, ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात, तो मधुमेह थोडक्यात असा आहे. पहिल्या प्रकारात मुकादमच नाहीसा झालेला असतो, आणि तेथे इन्सुलिनच्या टोचणीवाचून माणूस जगत नाही. आमचे आजचे बोलणे दुसऱ्या प्रकाराविषयी आहे, हे कृपा करून ध्यानात ठेवावे.

हा हिशेब ध्यानात आला म्हणजे आपल्यातले कितीतरी समज आपोआप गळून पडतात. साखर वाईट पण गूळ चांगला, असे म्हणतात. गुळात बहुतेक साखरच असते. भात सोडला, पोळीवर आलो, आता भीती नाही, असे म्हणतात. गव्हाच्या पिठातही दोन तृतीयांशाच्या आसपास पिष्टच आहे. भाकरीत तंतू अधिक, ती सावकाश पचते, हे खरे; पण एकीच्या जागी चार खाल्ल्यावर सावकाशपणाचा फायदा कोठे राहिला? आणि उपवास! साबुदाण्यात 100 ग्रॅमला 85 ग्रॅमहून अधिक पिष्ट, आणि दुसरे फारसे काहीच नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगाच केलेली नाही. 2025 साली आपल्या देशातल्या आहाराची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसून आले की आपल्याला मिळणाऱ्या शक्तीपैकी सुमारे 62 टक्के शक्ती पिष्ट आणि साखर यांतून येते, आणि भाताच्या जागी नुसता गहू किंवा भरड धान्य घातल्याने, एकूण वाटा तोच राहिला तर, मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. त्यातला थोडा वाटा डाळी-कडधान्ये आणि दूधदुभते यांतल्या प्रथिनांना दिला, तर धोका कमी दिसतो. प्रश्न कोणते धान्य हा नाही, किती धान्य हा आहे.

आणि चहा! कामगाराचा चहा म्हणजे अर्धा कप, पण त्यात साखर पुरी दोन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम. दिवसातून सहा वेळा तो घेतला तर 60 ग्रॅम. वर्षाचा हिशेब करा: 22 किलोच्या जवळ जातो. पगारातून वर्षाला एवढी रक्कम गुपचूप कापली गेली असती, तर आपण फाटकावर सभा घेतली असती.

हे ज्ञान नवीन आहे असेही नाही. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख आहे. 1870 मध्ये पॅरिस शहराला वेढा पडला, अन्नाचा दुष्काळ झाला, आणि बुशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले की त्यांच्या रोग्यांच्या लघवीतली साखर कमी होत चालली आहे. त्याच्या थोडे आधी, 1863 साली, लंडनमध्ये विल्यम बॅंटिंग नावाच्या गृहस्थाने एक लहानशी पुस्तिका छापली. हा मनुष्य अंत्यविधीचे सामान पुरविण्याचा धंदा करी, आणि इतका लठ्ठ झाला होता की बुटाची नाडी बांधता येईना. हार्वे नावाच्या डॉक्टरांनी त्याला पाव, साखर, बीअर आणि बटाटे बंद करावयास सांगितले, आणि त्याचे वजन उतरले. ती पुस्तिका इतकी खपली की स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याला आजही त्याच्या नावावरून झालेले क्रियापद वापरतात. पुढे 1921 साली टोरांटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला. तो लावणाऱ्यांपैकी एकाचे आडनावही बॅंटिंगच होते. इन्सुलिनने लाखो जीव वाचविले. पण औषध आले म्हणून ताटाचा हिशेब संपला, असा समज करून घेणे मात्र बरोबर नाही.

आता कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा, सुटलेल्या पोटांचा रोग. आमच्या काटकुळ्या कामगाराला तो का व्हावा? याचे उत्तर आपल्या पुण्यातच शोधले गेले आहे. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे आणि इंग्लंडात साउदम्टन येथे जन्मलेली बाळे यांची तुलना केली. आपले बाळ जन्मतः सुमारे 2.7 किलोचे, त्यांचे 3.5 किलोचे. पण आपल्या बाळात जे कमी होते ते प्रामुख्याने मांस; कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. 2004 साली याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच एक छायाचित्र वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो आकडा आहे तो दोघांचाही 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! काटा सारखा, पण आतला माल निराळा. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी आलेली ही शरीरे आहेत. ती तुटवड्यासाठी घडलेली आहेत. त्यांना बसण्याचे काम आणि पिष्टाचे ताट एकदमच मिळाले. म्हणून काट्यावर विसंबू नका, टेप घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर, याच्या वर गेली की रक्त तपासून घ्यावे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्याकडे 10 कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे, आणि 13 कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत.

आणखी एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. काम बदलले, ताट तेच राहिले. दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला चार भाकरी लागत, आणि त्या त्याच्या अंगी लागत. आज पोते क्रेन उचलते, आणि हमालाचा मुलगा क्रेनच्या खोलीत बसून दांडा हलवितो. त्याच्या ताटात भाकरी मात्र बापाच्याच मापाने पडतात. त्यात रात्रपाळी आली, की दोन वाजता जाग राहावी म्हणून चहा, खारी आणि वडापाव. वडापाव म्हणजे पिष्टात गुंडाळलेले पिष्ट.

मग करावे काय? धान्य कमी करावे, आणि त्याची जागा रिकामी न ठेवता डाळ, उसळ, अंडी, मासळी, दही-ताक, शेंगदाणे आणि पालेभाजी यांनी भरावी. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने 2019 साली असे नमूद केले की रक्तातली साखर उतरविण्यासाठी आहारातले पिष्ट कमी करणे या उपायाला सर्वाधिक पुरावा आहे. पण त्यासाठी भाकरीचे तोंडच पाहू नये, असे आमचे म्हणणे नाही. वजनापुरते बोलावयाचे तर 2018 साली स्टॅनफर्ड येथे 609 लोकांवर वर्षभर प्रयोग झाला. अर्ध्यांनी पिष्ट कमी केले, अर्ध्यांनी तेलतूप कमी केले. दोघांचे वजन जवळजवळ सारखेच उतरले. टिकेल तो आहार खरा. आणि वजन उतरले तर काय होऊ शकते, हे 2017 साली ब्रिटनमध्ये दिसले. तेथे अगदी थोड्या उष्मांकांचा आहार देऊन, मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न झालेल्या लोकांचे वजन उतरविले. वर्षाअखेर त्यांतल्या 46 टक्क्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. 15 किलो किंवा अधिक वजन उतरलेल्यांत हे प्रमाण 86 टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेर 46 चे 36 टक्के झाले, हेही सांगितले पाहिजे. मिळविलेला हक्क जसा राखावा लागतो, तसेच हे आहे.

येथे एक इशारा, आणि तो मोठ्याने. जे इन्सुलिन घेतात, किंवा साखर खाली ओढणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता एकदम भाकरी कमी करू नये. ताट कमी झाले आणि औषध तेच राहिले, तर साखर इतकी खाली जाते की माणूस घामाघूम होऊन कोसळतो. यंत्रावर कोसळला तर जीव जातो. ज्यांचे मूत्रपिंड दुखावलेले आहे त्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी, आणि गरोदर भगिनींनी कोणताही बदल करण्यापूर्वी, विचारलेच पाहिजे. व्याख्यान ऐकून गोळ्या गटारात टाकणारा माणूस आम्हांला नको आहे. आधी ताट, मग तपासणी, मग डॉक्टरांच्या हाताने औषध कमी, हा क्रम आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लंडनच्या बॅंटिंगने पाव सोडला, पण त्याच्या जागी मांस आणि मासळी खाण्याइतके पैसे त्याच्या खिशात होते. आमच्या माणसाने भाकरी सोडली तर खावे काय? बाजारात एका रुपयाला सर्वांत अधिक पोट भरून देणारी वस्तू म्हणजे पिष्ट. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत झाले. ज्या देशाने दुष्काळ पाहिले तेथे हे फार मोठे काम आहे, ते आम्ही हिणविणार नाही. पण त्या हक्कात डाळ नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीनच्या राशी लागतात. ज्या दाण्यात 100 ग्रॅमला 36 ग्रॅमच्या वर प्रथिने आहेत, त्याचे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्याला जीभ आवरत नाही त्याला मधुमेह होतो, असे म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणतो, ज्याला डाळ परवडत नाही त्याला जीभ आवरून काय मिळणार?

आणि कारखान्याचे उपाहारगृह पाहा. एका कारखान्यात आम्ही उपाहारगृह समितीच्या वतीने एक साधी गोष्ट केली: शिजण्यापूर्वी माल तोलून पाहिला. 300 ताटांना 6 किलो तूरडाळ पडत होती, म्हणजे ताटाला 20 ग्रॅम. त्यात प्रथिने साडेचार ग्रॅमच्या आत. एका अंड्यात 6 ग्रॅम असतात. तांदूळ मात्र ताटाला 150 ग्रॅम, वर आग्रहाने वाढला जाई. यात कंत्राटदार राक्षस होता असे नाही. ताटाचा दर करारात बांधलेला, बाजारभाव वाढत गेला. मग पातळ काय होणार? भात पातळ करता येत नाही, वरण करता येते. म्हणून पुढच्या करारात आम्ही कलम घातले: डाळ वाटीने नव्हे, कोरड्या वजनाने मोजली जाईल, ताटाला 40 ग्रॅम, आणि तोलताना समितीचा माणूस हजर राहील. रोज एक उसळ. अंडे किंवा दही. बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली. वर्षातून एकदा सर्वांची, कंत्राटी कामगारांसकट, रक्ततपासणी. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. भात कमी वाढतात म्हणून दोघांनी ताटे आपटली. मग सवय झाली. सगळे बरे झाले असा डांगोरा आम्ही पिटणार नाही. पण त्या तपासणीत ज्यांना काही ठाऊक नव्हते असे कित्येक जण वेळेवर सापडले, आणि कोणाचा पाय जाण्यापूर्वी सापडले.

हे कोठेही करता येईल. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची आणि त्याच्या कारभारात कामगार प्रतिनिधींची तरतूद केली. 2020 च्या संहितेने ती संख्या 100 वर आणली आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले. कायद्याने खुर्ची दिली आहे. त्या खुर्चीवर बसून तराजू मागावा लागतो, एवढेच.

शेवटी घराविषयी दोन शब्द. आपल्याकडे बाई सर्वांना वाढून मग बसते. तोवर उसळीचे पातेले रिकामे झालेले असते, आणि तिच्या वाट्याला भाकरी, ठेचा आणि उरलेला भात येतो. नवऱ्याचा आहार सुधारला आणि तिचा तसाच राहिला, तर अर्धेच काम झाले. आणि याज्ञिकांच्या त्या बाळांची गोष्ट आठवा, तिच्या ताटातूनच पुढच्या पिढीचे शरीर घडते. म्हणून उसळ आधी तिच्या वाटीत काढून ठेवावी. पुरुषांनी दोन भाकरींवर हात आखडावा, आधी भाजी आणि उसळ खावी आणि भाकरी मागून, जेवणानंतर लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे चालावे. यांतल्या कशालाही जादा पैसा लागत नाही. आणि ज्याला पैसा लागतो, त्याच्यासाठी एकजूट लागते.

आमच्या चळवळीने भाकरीसाठी पुष्कळ लढे दिले, आणि ते योग्यच होते. उपाशी माणसाला आधी भाकरीच पाहिजे. ती मिळाल्यावर पुढची मागणी डाळीची आहे, आणि ती कोरड्या वजनाने मोजून घ्यावयाची आहे. राहिला आंबा. ज्याची साखर ताब्यात आहे त्याने जेवणात एक भाकरी वजा करून दोन फोडी खाव्यात. रसाची वाटी आणि पुऱ्यांची चळत एकदम मागू नये. हिशेबात जमेच्या बाजूला काही लिहावयाचे, तर खर्चाच्या बाजूला काही खोडावे लागते.